गार्ड काढलेला ग्राइंडर

कोणतेही हत्यार घडवताना त्याने काय करावे याइतकाच त्याने काय करू देऊ नये याचाही विचार केलेला असतो, आणि वर्कशॉपमधील बहुतेक धोकादायक शॉर्टकट या दुसऱ्या विचारालाच बगल देतात. पान्याची लांबी हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण होय. नट फिरवणारी पीळशक्ती, म्हणजे यंत्रशास्त्रात जिला टॉर्क म्हणतात ती, हाताचा जोर आणि पान्याची लांबी यांच्या गुणाकाराइतकी असते. त्यामुळे पाव मीटरच्या पान्यावर पाइप चढवून त्याची लांबी एक मीटर केली की तेवढ्याच जोरात चौपट टॉर्क मिळतो. गंजलेला नट बहुधा सुटतोही. परंतु लहान पाना आखूड असतो तो हाताच्या जोराने त्याचे जबडे फाकू नयेत आणि बोल्ट तुटू नये म्हणून. पाइप लावताच ही मर्यादा उरत नाही, आणि काहीतरी निसटले की अंगाचा सारा भार घेऊन माणूस पुढे आदळतो.

कानशीचा धोका याहून फसवा आहे. लोखंड घासले जावे म्हणून तिचे पोलाद अतिशय कडक केलेले असते आणि पोलादाचा कडकपणा वाढला की ठिसूळपणाही वाढतो. म्हणून दात झिजलेली जुनी कानस छिन्नी म्हणून ठोकली किंवा पहारीसारखी वापरली, तर ती वाकून इशारा देत नाही, थेट तुटते आणि तिचे कपचे डोळ्यांपर्यंत उडतात. मूठ न बसवता चालवलेल्या कानशीचे निमुळते टोक तळव्यात घुसते, ही दुखापतही फिटरांना चांगलीच ठाऊक असते.

मात्र ग्रिल आणि लोखंडी फाटके बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सर्वाधिक काळजी वाटावी असे हत्यार ग्राइंडर हेच आहे. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचे व्हील घेणारा ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, म्हणजे त्या व्हीलची कड सेकंदाला सुमारे ५७ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. राळेत घट्ट केलेले घर्षक कण आणि त्यांना धरून ठेवणारी काचतंतूंची जाळी यांपासून बनलेल्या अशा व्हीलची वेगमर्यादा सामान्यतः सेकंदाला ८० मीटर असते आणि ती व्हीलवर छापलेली असते. खोल कापायचे असले की गार्ड काढून, भोकातला फरक बुशने भरून, याच मशिनवर सात इंची (१८० मिलिमीटर) व्हील चढवले जाते. मोठे व्हील तेवढेच फेरे घेत असल्याने त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १०३ मीटरवर जातो. आणि व्हीलला आतून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो पहिल्या व्हीलच्या तुलनेत तिपटीहून अधिक होतो. व्हील फुटले तर तुकडे अडवणारा गार्ड या व्यवस्थेत आधीच काढून ठेवलेला असतो, ही यातली सर्वांत क्रूर गोष्ट आहे.

व्हीलच्या मध्यभागी असलेल्या धातूच्या कड्यावर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष कोरलेले असते, त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ती व्हीलची मुदत होय. राळ ओलावा शोषते आणि कालांतराने तिची पकड सैल पडते, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन पावसाळे काढलेले व्हील नवे दिसत असले तरी नवे नसते. ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दात्यांचे पाते लावणे हाही असाच प्रकार आहे. व्हील घासते, पाते मात्र चावा घेते, आणि दाता अडकला की मशीन उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते.

हे सारे कारागिरांना कळत नाही असे मानणे चुकीचे ठरेल. शॉर्टकट शंभरदा निभावतो, आणि प्रत्येक निभावलेली वेळ तो सुरक्षित असल्याचा खोटा पुरावा बनत जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डायेन व्हॉन यांनी १९८६ च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास करताना या प्रक्रियेला, म्हणजे नियमभंगच हळूहळू नित्याची रीत होऊन बसण्याला, विचलनाचे सामान्यीकरण असे नाव दिले. कौशल्य यातून वाचवत नाही, याचा दाखला लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत सापडतो. २१ मे १९४६ रोजी लुई स्लोटिन हा भौतिकशास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती बेरिलियमचे दोन अर्धगोल हळूहळू जवळ आणत होता. ते पूर्ण मिटू नयेत म्हणून मध्ये ठेवायचे ठोकळे त्याने काढले होते आणि वरचा अर्धगोल एका साध्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर तोलून धरला होता. हा प्रयोग त्याने पूर्वीही अनेकदा केला होता. त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर निसटला, निळा झोत चमकला आणि नऊ दिवसांनी, ३० मे रोजी, किरणोत्सर्गाने त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर असे प्रयोग हाताने करणे बंद झाले आणि ते दूरनियंत्रणाने होऊ लागले.

प्रयोगशाळेत असा बदल एका आदेशाने होऊ शकतो. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तो आदेश देणारे कोणी नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण बंधनकारक केले आणि कलम १११ ने कामगारालाही सुरक्षेच्या साधनांत मुद्दाम ढवळाढवळ करण्यास मनाई केली, परंतु वीज वापरणाऱ्या ठिकाणी मूळ तरतुदीनुसार किमान दहा कामगार असले तरच तो कायदा लागू होई. तिघा-चौघांची शेड त्याच्या कक्षेबाहेरच राहत आली. काम नगावर मोजले जाते, मशीन एकच असते आणि गार्ड पुन्हा बसवण्यात जाणाऱ्या मिनिटांची मजुरी कोणी देत नाही, तेव्हा केवळ कारागिराच्या बेफिकिरीला दोष देणे अन्यायाचे आहे. सात इंची व्हीलसाठी सात इंची मशीन वेगळे घेणे आणि मुदत संपलेले व्हील टाकून देणे हा खर्च मालकाचा आहे, आणि तो त्याने कामाचा दर ठरवतानाच धरायला हवा.