चाकण ते फ्रँकफर्ट : अंतर आणि वेळ

दोन शहरांमधले हवाई अंतर भूमिती ठरवते. प्रवासाचा वेळ मात्र वारा, धावपट्टी आणि जमीन ठरवतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यासाठी हा फरक पुस्तकी नाही. मर्सिडीज-बेंझने 1990च्या दशकात पिंपरीत टेल्कोच्या आवारात मोटारींची जुळणी सुरू केली आणि 2009 मध्ये ती चाकणला हलवली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला सुरू झाला. इथल्या अभियंत्यांना जर्मनी नवी राहिली नाही. म्हणून मी पुणे आणि फ्रँकफर्ट ही जोडी निवडली.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी हिशेब मांडला. पृथ्वीच्या गोलाईवरून जवळात जवळचे अंतर सुमारे 6,690 किलोमीटर येते. ताशी 850 किलोमीटर वेग धरला तर पावणेआठ-आठ तास. पण विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, युद्धामुळे बंद झालेले आकाश टाळून वळसा घेते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जर्मनीला जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे जाण्याला येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेला लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतचे रेंगाळणेही त्यात धरलेले असते.

मग पुण्याहून थेट का जाता येत नाही? लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 590 मीटर. उंचीवरची, उन्हाने तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून धाव लांब लागते. लांबच्या पल्ल्याचे इंधन भरलेले मोठे विमान इथून उठवणे अवघड. लुफ्तान्साने 2008 मध्ये थोड्या आसनांच्या छोट्या विमानाने ही सेवा सुरू केली होती, पण ती टिकली नाही. चाकणचा अभियंता आजही आधी घाट उतरून मुंबई गाठतो.

नवा विमानतळ चाकण-खेड परिसरातच व्हायचा होता. औद्योगिक वसाहतींना आधीच जमिनी दिलेल्या या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 2016 मध्ये पुरंदरची निवड झाली. नकाशावर सरळ रेषेत मोजले तर चाकणपासून लोहगाव सुमारे 21 किलोमीटर. पुरंदरची नियोजित जागा त्याच्या दुपटीहून लांब. तिथेही अंजीर-सीताफळांच्या बागा असलेल्या सात गावांतून विरोध झालाच.

या हिशेबातून मला एवढे दिसते, की कारखान्याच्या दारातून निघालेल्या माणसाचा वेळ आकाशात फारसा वाचत नाही. वाचवायचा तर तळेगाव चौकातल्या कोंडीत, नाशिक रस्त्यावर वाचवावा लागेल. आणि तो वाचवण्यासाठी कोणाच्या बागेवरून धावपट्टी न्यावी लागत नाही.