इंजिनाचे डिकार्बनायझिंग : कीट निघते, धूर घटतो का?

पेट्रोल किंवा डिझेल जळताना त्यातला सगळा कार्बन धुराबरोबर बाहेर पडत नाही. थोडा भाग काजळी होऊन मागे राहतो, त्यात इंजिन ऑइलची वाफ मिसळते, उष्णतेने ते मिश्रण भाजून निघते आणि पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हच्या पाठीवर, इंजेक्टरच्या तोंडाशी काळे, चिवट कीट बसते. हे कीट काढण्याच्या कामाला डिकार्बनायझिंग म्हणतात. गॅरेजच्या बोलीत नुसते ‘डिकार्बन’. सुरतेसारख्या शहरांत नेहमीच्या सर्व्हिसिंगबरोबर ते आता आवर्जून सुचवले जाते. अ‍ॅव्हरेज वाढेल, पिकअप सुधारेल आणि प्रदूषण घटेल, असे तीन दावे त्यामागे असतात. पहिले दोन गाडीमालकाच्या खिशाशी आणि पायाशी निगडित आहेत. तिसऱ्याचा संबंध साऱ्या शहराच्या श्वासाशी असल्यामुळे तो जास्त कसोशीने तपासायला हवा.

काम जुनेच आहे. टू-स्ट्रोक स्कूटर आणि रिक्षांच्या काळात टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे आणि ते पेट्रोलबरोबर जळत असे. काही हजार किलोमीटरमध्ये सायलेन्सर आतून चोंदे, गाडी चढाला दम टाकी. मग मिस्त्री सायलेन्सर उतरवून आगीत तापवत, आतला कोळसा झटकत, एक्झॉस्टचे तोंड आणि पिस्टनचा माथा बोथट पट्टीने खरवडत. चारचाकीत हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणे आणि कार्बन काढणे ही ठरावीक किलोमीटरनंतरची नेमाची देखभाल होती. कार्बन काढणे कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी मोटारीला चुकले नाही आणि आकुर्डीच्या चेतक स्कूटरलाही नाही. त्या डिकार्बनबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते, कारण काढलेला कोळसा पुढ्यातल्या परातीत दिसत असे आणि गाडीच्या चालीतला फरक दुसऱ्या दिवशीच कळत असे.

पुढे इंजिन बदलले. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आले, सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. एप्रिल 2010 मध्ये भारत स्टेज-4 ची मानके पहिल्यांदा ज्या तेरा शहरांत लागू झाली, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूरबरोबर सुरतही होते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज-6 आले. या टप्प्यावर पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे 1 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि 60 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड एवढीच मुभा आहे. इतक्या काटेकोर इंजिनात कीट किती आणि कुठे बसते, यावर डिकार्बनची उपयुक्तता ठरते. एकाच नावाखाली चार वेगळ्या जागांची स्वच्छता विकली जाते आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली जागा इनटेक व्हॉल्व्हची पाठ. एमपीएफआय इंजिनात पेट्रोलचा फवारा या पाठीवरच पडतो, त्यामुळे ती बऱ्यापैकी धुतली जाते. हल्लीच्या अनेक लहान टर्बो इंजिनांत मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवले जाते. तिथे पाठ धुणारे काहीच नसते, क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ तिच्यावर साचत जाते आणि थर खरोखर जाड होतो. दुसरी जागा इंजेक्टरचे तोंड. तिथे थोडेसे कीटही महागात पडते, कारण फवाऱ्याचा आकार बिघडतो आणि बारीक तुषारांऐवजी जाड थेंब पडू लागतात. तिसरी जागा ज्वलनकक्ष, म्हणजे पिस्टनचा माथा आणि हेडची आतली बाजू. इथला थर काही हजार किलोमीटर वाढतो आणि मग बहुधा स्थिरावतो. जितका बसतो तितकाच झडतो. चौथी जागा डिझेल गाडीतली. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी जळालेल्या वायूचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात सोडतात. त्यातली काजळी आणि ऑइलची वाफ मिळून ईजीआर आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा गाळ होतो. डिझेल गाडीची सर्वांत खरी तक्रार हीच.

ज्वलनकक्षातल्या थराचा परिणाम अनेकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा असतो. हा थर उष्णता धरून ठेवतो आणि कक्षाची जागा किंचित कमी करतो. त्यामुळे आतले तापमान वाढते, नॉकिंगची शक्यता वाढते आणि नायट्रोजन ऑक्साइड जास्त तयार होतात. थराच्या छिद्रांत थोडे इंधन शोषले जाऊन न जळताच बाहेर पडते, म्हणजे हायड्रोकार्बनही वाढतात. थर निघाला तर या दोन्ही गोष्टी घटू शकतात, पण घट किती असेल हे थर किती होता यावरच अवलंबून असते.

त्यातही आधुनिक पेट्रोल गाडीत आणखी दोन पहारेकरी असतात. ऑक्सिजन सेन्सर धुरातला प्राणवायू मोजतो आणि संगणक इंधनाचे प्रमाण क्षणाक्षणाला सुधारतो. कीटामुळे मिश्रण थोडे बिघडले तरी संगणक ते सांभाळून घेतो. जे निसटते ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतो, मात्र त्यासाठी तो साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असावा लागतो. म्हणून निरोगी गाडीत कीट असूनही सायलेन्सरच्या टोकाशी फरक फारसा दिसत नाही. आणि गाडी खरोखर धूर ओकत असेल, तर कारण पुष्कळदा कीट नसून मेलेला कन्व्हर्टर, बिघडलेला सेन्सर, घासलेल्या रिंग किंवा गळकी व्हॉल्व्ह सील असते. यांतले काहीही रसायनाने बरे होत नाही.

आता पद्धती. व्हॉल्व्हच्या पाठीवरच्या थरासाठी सर्वांत भरवशाचा उपाय मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारणे हा आहे. कवच कार्बन खरवडते, धातूला ओरखडा पाडत नाही आणि मारलेला भुगा व्हॅक्यूमने ओढून घेता येतो. ईजीआर आणि थ्रॉटल बॉडी उतरवून हाताने साफ करणे हाही असाच रोखठोक मार्ग. इंजेक्टरसाठी पेट्रोलमध्ये मिसळायची स्वच्छक रसायने असतात. त्यांतले पॉलिइथरअमाइन हे ज्वलनकक्षाच्या उष्णतेतही टिकते, म्हणून अधिक परिणामकारक मानले जाते. अशा रसायनांचे महत्त्व सरकारी पातळीवरही मान्य झाले आहे. अमेरिकेत 1995 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोलमध्ये कीटरोधक घटक असणे सक्तीचे आहे. तिथल्या मोटारचालकांच्या ट्रिपल-ए या संस्थेने 2016 मध्ये केलेल्या चाचणीत साध्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हवर उत्तम दर्जाच्या स्वच्छक पेट्रोलच्या तुलनेत 19 पट कीट आढळले. तेव्हा कीट ही कल्पना नव्हे आणि ते रोखता येते हेही खरे.

सध्या सर्वाधिक जाहिरात होते ती मात्र हायड्रोजन पद्धतीची. चाकांवरच्या पेटीसारखे एक यंत्र विजेने पाण्याचे विघटन करते. तयार झालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नळीने इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडतात आणि गाडी अर्धा-पाऊण तास उभ्या जागी चालू ठेवतात. मिनिटाला दहा लिटर वायू बनवायला दीड ते दोन किलोवॅट वीज लागते, म्हणजे साध्या प्लगवर चालणाऱ्या यंत्राची धाव साधारण तेवढीच. 1.2 लिटरचे इंजिन आयडलवर असताना मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास हवा घेते. त्या हवेत हा वायू पाच-सात टक्के मिसळतो. पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट जरूर आहे : हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा सिलिंडरच्या भिंतीच्या अधिक जवळ पोहोचते. पण कार्बन आपसूक जळायला साधारण साडेपाचशे ते सहाशे अंश तापमान लागते आणि आयडलवरच्या इंजिनात पिस्टनचा पृष्ठभाग त्याच्या जवळपासही जात नाही. व्हॉल्व्हच्या पाठीशी तर हा वायू न पेटलेल्या, थंड स्थितीतच असतो. जिथे कीट सर्वांत जाड असते, त्या जागी हायड्रोजन पद्धतीचा जोर सर्वांत कमी पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली. मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही त्यांत सापडले नाही.

तरीही गॅरेजमध्ये आधी-नंतरचे आकडे दाखवले जातात आणि नंतरचा आकडा बहुतेक वेळा खरोखर कमी असतो. याचे कारण मोजण्याच्या रीतीत आहे. पीयूसीच्या चाचणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उभ्या गाडीत मोजतात. भारत स्टेज-4 आणि त्यापुढच्या चारचाकीला आयडलवर 0.3 टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि 200 पीपीएम हायड्रोकार्बन ही मर्यादा आहे. डिझेल गाडीत फक्त धुराची गडदता पाहतात. ‘आधी’चे मोजमाप बहुधा गाडी आत येऊन उभी राहिल्यावर, कन्व्हर्टर निवत असताना होते. ‘नंतर’चे मोजमाप अर्धा-पाऊण तास इंजिन चालवून, रेस देऊन, कन्व्हर्टर चांगला तापल्यावर होते. नुसती गाडी तेवढा वेळ चालू ठेवली, यंत्र जोडलेच नाही, तरी आकडा उतरेल. एखाद्या गॅरेजने तशी कोरी चाचणी करून दाखवली, तर त्याच्या दाव्याला वजन येईल.

दुसरीकडे, पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. अडकलेला ईजीआर साफ केल्याने किंवा ज्वलनकक्षाचा थर गेल्याने ज्या प्रदूषकात खरी घट अपेक्षित आहे, नेमके तेच त्या कागदावर नसते. कागदावर दिसणारी घट डिकार्बनची असेलच असे नाही आणि डिकार्बनने होऊ शकणारी घट कागदावर उमटत नाही. खरे उत्तर हवे असेल तर गाडी चॅसिस डायनॅमोमीटरवर, थंड इंजिनापासून, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने चालवून सारा धूर गोळा करावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही 1966 साली स्थापन झालेली संस्था नव्या गाड्यांना मान्यता देताना अशाच प्रकारे तपासते.

असा दावा कसा तपासावा याचा धडा सुरतेजवळ स्वतःचाच आहे. शहराच्या कापड प्रक्रिया कारखान्यांच्या बॉयलरमध्ये कोळसा आणि लिग्नाइट जळतो. 2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथे धूलिकणांच्या उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू केला. धूलिकणांसाठीचा तो जगातला पहिला बाजार. चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली. तीनशेहून अधिक कारखान्यांपैकी साधारण निम्मे चिठ्ठी टाकावी तसे निवडून बाजारात घेतले आणि उरलेले जुन्याच नियमांखाली ठेवले. बाजारातल्या कारखान्यांचे धूलिकण इतरांच्या तुलनेत 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा मान्य करावा लागतो, कारण मोजमाप सलग होते आणि तुलनेला दुसरा गट होता. मोटारींबाबतही हे अशक्य नाही. एकाच मॉडेलच्या, सारख्या चाललेल्या गाड्या घ्याव्यात, निम्म्यांचे डिकार्बन करावे, सगळ्या डायनॅमोमीटरवर चढवाव्यात आणि पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा चढवाव्यात. प्रदूषण घटवण्याचा दावा विकणाऱ्यांनी एवढा खर्च करणे ही वाजवी अपेक्षा आहे.

हवामानबदलाच्या अंगाने पाहिले तर हिशेब अजून साधा आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कीट असो वा नसो. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी वर्षाला 10,000 किलोमीटर चालली, तर तिचा वाटा दीड टनाच्या आसपास जातो. डिकार्बनने अ‍ॅव्हरेज दोन टक्के सुधारले असे धरले, तरी वाचतात तीसेक किलो. टायरमध्ये योग्य हवा ठेवून आणि सिग्नलवर इंजिन बंद करूनही एवढे साधते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

कीट बसण्याची सवय गाडीला वापरातून लागते. घर ते रिंग रोडची कापड बाजारपेठ अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही आणि काजळी साठते. स्टेज-6 च्या डिझेल गाडीत काजळी धरणारी गाळणी असते. ती सुमारे सहाशे अंशांना आतली काजळी जाळून स्वतः साफ होते, पण त्यासाठी सलग वेगाने धावण्याची गरज असते. उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणारी खानदेशी कुटुंबे सुटीत धुळे-नंदुरबारकडे गाडी काढतात, तेव्हा महामार्गावरच्या त्या धावेत हे काम आपोआप होते. शहरातच फिरणाऱ्या डिझेल गाडीला ती संधी मिळत नाही. तिच्या गाळणीचा दिवा लागला तर डिकार्बनच्या यंत्राकडे नेण्याआधी तिला महामार्गावर नेणे बरे. सीएनजी जळताना काजळी फारच कमी होते, त्यामुळे सुरतेच्या सीएनजी रिक्षा आणि टॅक्सींना ठरावीक काळाने डिकार्बन सुचवणे निराधार आहे.

एक धोकाही सांगायला हवा. रसायनाने सुटलेले कीटाचे तुकडे टर्बोच्या पात्यांवर आदळू शकतात, आणि न जळलेले द्रावण कन्व्हर्टर किंवा सेन्सर खराब करू शकते. गाडी निरोगी असताना केलेल्या डिकार्बनने प्रदूषण वाढण्याची शक्यता अशी तयार होते.

तेव्हा लक्षण असेल तरच उपचार करावा : थेट इंधन सोडणाऱ्या पेट्रोल इंजिनात आयडल अडखळत असेल, डिझेलमध्ये ईजीआरचा दोष दिसत असेल, स्कॅनरवर संगणकाने केलेली इंधनाच्या प्रमाणाची दुरुस्ती मर्यादेबाहेर गेली असेल. आधी आणि नंतर सिलिंडरमध्ये बोरोस्कोपचा कॅमेरा घालून फोटो मागावा, आणि ‘नंतर’ची पीयूसी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर करून घ्यावी. बाकीच्या गाड्यांना वेळेवर बदललेले ऑइल, स्वच्छ एअर फिल्टर आणि स्वच्छक घटक असलेले इंधन पुरेसे आहे.