पैनगंगेवरचे तीन मुक्काम

पैनगंगा आम्ही आजवर पुलावरूनच पाहत आलो. आदिलाबादहून नागपूरकडे जाताना बसच्या खिडकीतून क्षणभर पाणी दिसावे, शेजारच्याने "आला महाराष्ट्र" म्हणावे, आणि तेवढ्यात पूल संपावा, एवढाच तिचा आमचा परिचय. ज्या नदीच्या काठच्या शाळांतून अध्यापनात उभी हयात गेली, तिच्या वाळूत एकही रात्र काढली नाही, ही खंत मनात होती. गेल्या डिसेंबरात ती दूर करण्याचा योग आला; पण ज्या रीतीने आला, ती आमच्या कल्पनेतली नव्हती.

बेत मूळचा आमच्या वकील मित्रांचा. त्यांच्या आजोबांची दुनळी बंदूक आजही घरात आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते आणि थोडा अधिक गंज घेऊन परत येते, एवढाच तिला उरलेला प्रवास. आजोबांच्या शिकारकथा ऐकत वाढलेल्या या गृहस्थांनी एके संध्याकाळी जाहीर केले, "डोंग्यातून शिकारीला जाऊ!" बंदूक अर्थातच घरी राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द कथेपुरताच ठेवणे शहाणपणाचे आहे, हे वकिलांना सांगावे लागत नाही. बरोबर औषधांचे एक दुकानदार, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि आम्ही. भीमपूर मंडळातून निघायचे, प्रवाहाबरोबर महामार्गाच्या पुलापर्यंत यायचे, वाटेत वाळूत दोन मुक्काम.

ही नदी म्हणजे जुनी सीमा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजी अंमल, दक्षिणेला निजामी असा प्रकार सुरू झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे तालुके आमच्या जिल्ह्यातून निघून गेले. आम्ही अलीकडच्या काठाला राहिलो. माणसांच्या या वाटण्या झाल्या, वाघांनी मात्र त्या कधी मान्य केल्या नाहीत. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तेथे वाघ वाढले, जागा अपुरी पडू लागली, आणि तरुण वाघ पैनगंगा ओलांडून आमच्याकडे येऊ लागले. तेथेच जन्मलेला एक वाघ २०१९ साली गळ्यात पट्टा घेऊन आदिलाबादच्या शिवारांतून फिरत फिरत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. सारी वाट शेतांची, रस्त्यांची, नाल्यांची! कागदपत्रांवाचून एवढी मुशाफिरी आमच्यापैकी कोणाला साधली असेल, असे वाटत नाही.

असो. डोंगा होता सागाच्या फळ्यांचा, सांधे डांबराने बुजवलेले. नावाडी भोई, वय सत्तरीच्या आसपास. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषांत तो सारख्याच सहजतेने शिव्या देई, बहुतेक खडकांना. डिसेंबरात पैनगंगा म्हणजे डोहांची माळ. डोहात डोंगा आपसूक चाले. दोन डोहांच्या मधल्या उथळात मात्र चौघांनी धोतर-पाटलोणी गुडघ्यावर घेऊन तो ओढायचा. पोस्टमास्तर दर वेळी म्हणत, "आपण डोंग्यातून चाललो आहोत की डोंगा आपल्यातून?"

पहिली रात्र सुखाची गेली. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि नावाड्याने जाळ्यात धरलेली मरळ. हिलाच तेलुगूत कोरमीनू म्हणतात आणि तेलंगणाने तिला राज्यमत्स्याचा मान दिला आहे. या सहलीत शिकार म्हणून झाली ती एवढीच, आणि तीही आम्ही शाकाहारी असल्याने आमच्या वाट्यास आली नाही.

दुसऱ्या मुक्कामाच्या पहाटे मात्र नावाड्याने आम्हास हलवून उठवले. वाळूत, आमच्या विझलेल्या शेकोटीपासून शे-सव्वाशे पावलांवर, ठसे होते. ताटलीएवढे, गोलसर, नखांच्या खुणा नसलेले. पाण्यातून वर आलेले आणि दरड चढून शेतांकडे गेलेले. वकीलसाहेब एवढे हरखले की ठशांमागून दरड चढू लागले. तोच नावाडी ओरडला, "सायेब, थांबा! पुढं पाय टाकू नका. तार हाये!"

हरभऱ्याच्या शेताभोवती, खुंट्यांवर, मांडीपेक्षा खालच्या उंचीवर एक बारीक उघडी तार फिरवलेली होती. तिचे टोक विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून अडकवलेले होते. रानडुकरासाठी लावलेली ही तार डुक्कर, वाघ, गुराखी आणि वकील यांच्यात भेद करत नाही. आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. ठसे तारेच्या अलीकडे पाच-सात हातांवर थबकले होते आणि तारेला समांतर जाऊन पुन्हा नदीकडे उतरले होते. त्या जनावरास काय उमगले, कोण जाणे.

उजाडता उजाडता शेतकरी आकडा काढायला आला. आम्हास पाहून तो दचकला, आणि आम्ही त्याहून अधिक. तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी. सातवीत त्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुरेख होते. फळ्यावरचा सुविचार त्याच्याकडूनच लिहून घेत असू.

"सर, तुम्ही?"

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. वाघ मेला तर किमान तीन वर्षांचा कारावास, माणूस मेला तर निराळे कलम. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "समदं माहीत हाये, सर. दोन एकर हरभरा हाये माहा. परवाच्या रातीत अर्धा एकर डुकरांनी उकरला. भरपाईचा कागद फिरे लोक पुढचं पीक येते." थोडे थांबून त्याने आकडा उतरवला, तार गुंडाळली आणि भेंडोळे आमच्या पायाशी ठेवले. "घ्या, घेऊन जा. पण मंग आज राती राखणीला तुमी थांबा."

आम्हास उत्तर सुचेना. हा मुलगा वर्गात कधी उलट बोलला नव्हता.

डोंग्यात बसून आमच्यात बराच वाद झाला. दुकानदार म्हणाले, सोमवारी दुकान उघडायचे आहे. वकीलसाहेबांचे म्हणणे, शासकीय सेवकाने गुन्हा डोळ्यांनी पाहून गप्प बसणे योग्य नव्हे, रीतसर कळवावे. ते खरेच होते. त्याला आमच्यापाशी आजही उत्तर नाही. पोस्टमास्तर एवढेच म्हणाले, "त्याने थांबा म्हटले आहे. जायचे असेल तर तसे तोंडावर सांगून जाऊ." तोंडावर सांगण्यास कोणी उठले नाही.

तिसरी रात्र अशी मचाणावर गेली. आजोबांच्या कथांत वकिलांनी ऐकलेले मचाण अखेर त्यांना लाभले; हाती बंदुकीऐवजी तेलाचा रिकामा डबा आणि काठी. थंडी हाडांत शिरत होती. पाळ्या ठरवल्या होत्या, पण झोप कोणासच आली नाही. आमचा विद्यार्थी दर अर्ध्या तासाने बांधावरून फेरी मारी आणि घसा खरवडून आरोळी देई. ही त्याची रोजची रात्र, पेरणीपासून काढणीपर्यंत. दिवसा पुन्हा कापूस वेचायचा. तार लावली की त्याला झोप मिळे. एवढे साधे गणित होते ते, आणि पहाटेपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

दोनच्या सुमारास डुकरे आली. अंधारात नुसता हुंकार आणि माती उकरण्याचा आवाज. आम्ही चौघांनी मिळून असा काही गोंगाट केला की पलीकडच्या काठावरची कुत्रीही भुंकू लागली. डुकरे गेली. सकाळी पाहिले, तर हरभरा शाबूत होता. शेजाऱ्याच्या शेतात मात्र दहा-बारा तास नांगरल्यासारखे उलथून पडले होते. शेजारी बांधावर उभा राहून आमच्याकडे पाहत होता.

तारेचे भेंडोळे डोंग्याच्या तळाशी ठेवून आम्ही निघालो. विद्यार्थी दरडीपर्यंत पोचवायला आला. डोंगा डोहाच्या मध्यावर गेल्यावर त्याने हात तोंडाशी नेऊन विचारले, "सर, आता पुन्हा कवा येता?"

नावाड्याने बांबू जोराने रोवला. आम्ही "शनिवारी" म्हणून ओरडलो, आणि वकीलसाहेब चमकून आमच्याकडे पाहू लागले.