गल्लीतला सामाईक भाजीमळा

आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरे पिढीजात शेतकऱ्यांची. तथापि ज्या घरातले कोणी बेळगाव, पुणे वा मुंबईस पोटापाण्यासाठी गेलेले नाही, असे घर आज विरळाच. गावी परसातली मेथी खुडून आणणारी ही माणसे शहरात जुडी विकत घेतात आणि महिनाअखेरीस हात आखडला की पहिली काट भाजीलाच लागते. वास्तविक, बटाटा वगळून दररोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे पोटात जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सकस अन्नाची उणीव किती महाग पडते, हे क्युबाने अनुभवले आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि तिकडून येणारे तेल, खते व औषधे बंद झाली. ट्रॅक्टर जागीच उभे राहिले, ताटातले अन्न घटले. १९९१ ते १९९३ या काळात सुमारे ५०,००० लोकांची दृष्टी अंधुक झाली किंवा हातापायांना बधिरता आली. 'ब' गटातील जीवनसत्त्वांचा अभाव हे त्याचे मोठे कारण ठरले. तंबाखू व दारूने त्यात भर घातली. जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली.

पण गोळ्यांनी चूल पेटत नाही. राजधानी हवानातील रहिवाशांनी पडीक जागा लागवडीखाली आणल्या. जमीन खडकाळ वा निकस असेल तेथे कडेने भिंती घालून उंच वाफे केले आणि ते माती व कुजलेल्या खताने भरले. आलामार या वसाहतीत १९९७ साली मोजक्या माणसांनी असा मळा सुरू केला. पुढे त्याची सहकारी संस्था होऊन सभासद शंभरावर गेले. गांडूळखत, कडेने झेंडू व मका, किडीवर कडुनिंब हे त्यांचे उपाय आपल्याला परके नाहीत. अर्थात धान्य व तेल या वाफ्यांतून पिकले नाही. ते आयातच करावे लागले. शहरी मळा भाजी देतो, कणगी भरत नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे.

आपल्या शहरवासी मुलाबाळांनी चार-पाच कुटुंबे मिळून एवढे करावे. जागामालकाची संमती आधी घ्यावी. रोज सहा तास ऊन पडेल अशी जागा निवडावी. वाफा तीन-चार फूट रुंद असावा, म्हणजे आत पाय न देता दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. लाल माठ व मेथी महिन्याभरात, पालक त्यानंतर थोड्याच दिवसांत काढणीस येतो. सगळे बी एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने पेरावे, म्हणजे ताजी भाजी खंडत नाही. पालेभाजीतून फोलेट मिळते, पण 'ब' गटातील सर्वच जीवनसत्त्वे मिळत नाहीत. म्हणून जोडीला कडधान्ये, दूध, अंडी हवीतच.

एक धोका मात्र गंभीर आहे. पाणी टंचाईचे असले तरी गटाराचे पाणी वाफ्यास कदापि देऊ नये. त्यातून जंतांची अंडी भाजीवर येतात आणि मातीत ती वर्षानुवर्षे तग धरतात. शेणखतही पूर्ण कुजलेलेच घालावे. जुन्या रंगाचे पोपडे जेथे गळतात त्या भिंतीलगत पेरू नये, कारण त्या रंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. कोशिंबिरीची भाजी वाहत्या स्वच्छ पाण्याने नीट धुवावी.

आम्हांस वाटते, असे मळे किडीपेक्षा कुरबुरीने अधिक लवकर मोडतात. मे महिन्यात पाणी कोणी घालायचे आणि पहिली जुडी कोणी न्यायची, हे बी पेरण्याआधीच ठरवून पाळ्या फळ्यावर लिहाव्यात. आजारी वा बाळंतीण असलेल्या घराची पाळी इतरांनी उचलावी. वाटा मात्र त्या घरास पुरता मिळावा.

यंदा सुटीत मुले गावी आली की त्यांच्या पिशवीत मूठभर बी बांधून द्या आणि वाफा कसा ओढायचा, तेही त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. विद्या तुमच्याजवळ आहे. ती वेशीपाशी थांबू नये.