उभ्या गाडीचे ब्रेक

गाडी फारशी चालत नाही, म्हणजे ब्रेक झिजत नाहीत. आणि झिजत नाहीत म्हणजे ते ठणठणीत असणार, असा हिशेब जुन्या गाड्यांचे बरेच मालक मांडतात. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून दिवसभर पळायची तेव्हा लायनिंग झिजायचं, ते बदलायला ड्रम उतरवावा लागायचा आणि त्या निमित्ताने आतला गंज, गळती, सगळंच मेकॅनिकच्या नजरेखालून जायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता उरलेल्या पद्मिनी हौशी मालकांच्या, महिन्यातून एखाद्या रविवारी निघणाऱ्या. त्यांचं लायनिंग वर्षानुवर्षं जाडच राहतं, म्हणून ड्रम कोणी उघडतही नाही. अशा गाडीच्या ब्रेकना खरा धोका पाण्याचा असतो, आणि त्यांची देखभाल पावसाळे मोजून करायला हवी, किलोमीटर मोजून नाही.

ड्रम बिडाचा असतो आणि शू जिथे घासतो त्या आतल्या पृष्ठभागाला रंग देता येत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चार दिवसांत त्यावर तांबूस थर चढतो. रोज चालणाऱ्या गाडीत तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो. महिनोन्महिने उभ्या गाडीत तो खोल जातो, आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर शू ड्रमला चिकटून बसतो. ड्रम ब्रेकची रचनाही इथे आड येते. पुढचा शू ड्रमला टेकला की फिरता ड्रमच त्याला आणखी आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा थोडा जोरही पुरतो. पण याच गुणामुळे घर्षण थोडं वाढलं की ब्रेकचा जोर त्याहून जास्त पटीने वाढतो. डाव्या ड्रमवर गंज जास्त आणि उजव्यावर कमी, एवढ्यानेच गाडी ब्रेक मारताच एका बाजूला खेचते. अर्थात खेचण्याचं कारण नेहमी गंजच असतो असं नाही. एका चाकाचा व्हील सिलिंडर गळून लायनिंग ओलं झालं असेल, तर ते चाक कमी धरतं आणि गाडी उलट बाजूला जाते.

दुसरं पाणी ब्रेक ऑइलमध्ये शिरतं. नेहमीचं, ग्लायकॉल जातीचं ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. रविवारच्या फेरीत इतकी उष्णता कुठून येणार, असं कोणी म्हणेल, आणि शहरापुरतं ते बरोबरही आहे. घाट उतरताना मात्र नाही. शिवाय उकळण्याआधीच हे पाणी व्हील सिलिंडर आतून खात असतं. तिथलं ऑइल फिरत नाही, जागच्या जागी पडून राहतं, आणि सिलिंडरच्या भिंतीला बारीक खड्डे पडतात. मग कोणी नवं, जाड लायनिंग बसवतं. पिस्टन मागे सरकतो, त्याचा रबरी कप नेमका खड्ड्यांच्या भागावर येतो, आणि कालपर्यंत कोरडा असलेला सिलिंडर गळू लागतो. ‘चांगलं चाललंय, कशाला हात लावायचा’ या म्हणण्याला असल्या अनुभवांचा आधार असतो, पण दोष लायनिंग बदलण्याचा नसून त्याआधी सिलिंडर न तपासण्याचा आहे. सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण किंचित उचलून पाहावं. आत ओल दिसली तर कप गेला.

ड्रम उघडण्याआधी पेडल बरंच काही सांगतं. ते खाली जातं पण दोनदा पंप केल्यावर वर येतं, तर बहुधा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, ऍडजस्टमेंट हवी. स्पंजासारखं दबतं तर आत हवा आहे. पाय स्थिर ठेवूनही हळूहळू खाली सरकतं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे कप हरलेत. ज्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असतं, तिथे हे शेवटचं लक्षण दिसल्यावर गाडी बाहेर काढूच नये.

दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं की काम भागतं, हा समज बॅटरीच्या बाबतीतही अर्धवटच खरा आहे. ब्रेकना त्याचा काडीचाही उपयोग नाही. ड्रम गरम होऊन कोरडे व्हायला गाडी रस्त्यावर न्यावी लागते. सिलिकॉनचं डॉट ५ ऑइल पाणी शोषत नाही हे खरं, पण शिरलेलं पाणी त्यात विरघळत नसल्याने खालच्या जागी साचतं, आणि ते जुन्या ऑइलमध्ये मिसळूनही चालत नाही. त्यापेक्षा साधं ऑइल दर दोन वर्षांनी बदलणं स्वस्त पडतं. गाडी उभी करताना हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, आणि पावसाळा सरला की चारही ड्रम उतरवावेत. ड्रम अडला तर हातोड्याआधी ऍडजस्टर सैल करावा, कारण झिजलेल्या ड्रमच्या कडेला उंचवटा राहतो आणि शू त्यात अडकतात. आतली धूळ हवेच्या झोताने मात्र उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतं. ती ओल्या फडक्यानेच पुसून घ्यावी.