डोंगरावरचा धूर

डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव असणार, असे आपण बेधडक म्हणतो. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा, दाखला स्वयंपाकघराचा: चुलीपाशी धूर आणि विस्तव बरोबरच दिसतात. केवळ प्रत्यक्षालाच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकांनी नेमके इथेच बोट ठेवले. पाहिलेल्या चुली मोजक्या. न पाहिलेल्या धुरापाशीही विस्तव असेल, याची हमी कोण देणार? ती अनुमानानेच द्यावी, तर वाद फिरून तिथेच येतो. (अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमही याच पेचापर्यंत पोचला.) नैयायिक उदयनाचार्यांनी चार्वाकांना उत्तर दिले की शंका वर्तनाशी विसंगत ठरते तिथे थांबते; पुढे त्याच परंपरेतल्या गंगेशाने विचारले, धूर हवा म्हणून विस्तव पेटवणारा माणूस त्या दोहोंच्या संबंधावर शंका कशी घेईल? यातून व्यवहार सिद्ध होतो, सत्य नव्हे, हा आक्षेप मात्र रास्तच आहे. माझ्या मते अनुमान भरवशाचे आहे, निःसंशय नाही.