स्प्रिंग कापल्याने गाडी रस्त्याला चिकटत नाही

परतवाड्याच्या गॅरेजांमध्ये जुनी पालिओ, एस्टीम किंवा होंडा सिटी ‘स्पोर्टी’ करायचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: “पुढच्या स्प्रिंगचा एकेक वेढा कापून टाका न भाऊ, गाडी रस्त्याले चिकटून चालते.” ग्राइंडर पाच मिनिटं फिरतो, गाडीचं नाक खाली येतं, फोटो झकास निघतो आणि मालक चिखलदऱ्याच्या वाटेला लागतो.

मालकाची इच्छा रास्त आहे. परतवाड्याला लागूनच असलेलं अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. धामणगाव गढी सोडलं की वळणं सुरू होतात, आणि उतरताना ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं. वळण घेणं आणि थांबणं या दोन्हींचा मोठा भार पुढच्या सस्पेन्शनवर असतो. वीस वर्षं जुन्या गाडीत ते सुधारावंसं वाटणं शहाणपणाचंच आहे. पण वेढा कापणं ही सुधारणा नाही. त्याने घाटातली पकड कमी होते. हे वारंवार सांगूनही पुन्हा तोच सल्ला कानावर येतो, म्हणून एकदा नीट हिशेब मांडू.

गैरसमज: वेढा कापला की गाडी कडक होते, आणि कडक गाडी म्हणजे पकड

वाक्याचा पहिला भाग खरा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. (तारेची जाडी १२ मिलिमीटरऐवजी १३ केली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. कारखान्यात स्प्रिंग तारेपासून नव्याने आखतात त्याचं कारण हेच.)

आता दुसरी बाजू. समजा, चाकाला वर सरकायला ८० मिलिमीटर जागा होती. एक वेढा गेला आणि गाडी ४० मिलिमीटर खाली बसली. उरली निम्मी जागा. स्प्रिंगने शोषलेली ऊर्जा सरकण्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे तोच खड्डा निम्म्या जागेत पचवायला स्प्रिंग चौपट कडक हवी. तुम्हाला मिळाली सव्वापटसुद्धा नाही. मग काय होतं? जागा संपते आणि सस्पेन्शन बंप रबरावर आदळतं. त्या क्षणी स्प्रिंग जवळपास नसल्यासारखीच असते. खड्ड्याचा दणका सरळ टायरमध्ये आणि बॉडीत जातो, टायरवरचा भार क्षणात वाढतो, पुढच्या क्षणी नाहीसा होतो. वळणाच्या मध्यावर हे घडलं तर गाडी बाहेर फेकली जाते.

पकड टायर देतो, आणि टायरला भार एकसारखा हवा असतो. भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. विल्यम आणि डग्लस मिलिकेन यांच्या ‘रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स’ (१९९५) या ग्रंथात टायरच्या या वागण्याची सविस्तर मांडणी आहे. भार जितका वर-खाली नाचेल तितकी सरासरी पकड घटते. सस्पेन्शनचं पहिलं काम चाक रस्त्यावर टेकवून ठेवणं हे आहे. कडकपणा त्यानंतर येतो.

“पण रेसच्या गाड्या तर जमिनीलगत असतात!” असतात, कारण त्यांचा ट्रॅक आरशासारखा असतो. आपला रस्ता काळ्या कपाशीच्या जमिनीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. पूर्णेच्या खोऱ्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पाठीने ठाऊक आहे. खडबडीत रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यांकडे पाहायचं असेल तर रॅलीकडे पाहा. नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतींत गाड्या उंच असतात आणि चाकाला सरकायला भरपूर जागा ठेवलेली असते. खऱ्या स्पोर्ट्स कारचा दाखला हवा असेल, तर १९६२ सालची लोटस एलान घ्या. वळणावरच्या चपळाईसाठी ही गाडी आजही नावाजली जाते आणि तिच्या स्प्रिंगा मऊ आहेत. कोलिन चॅपमन यांनी गाडी हलकी ठेवली आणि मऊ स्प्रिंगांना नेमके शॉकअप जोडले.

खाली आणली की गाडी कमी कलते, हेही खरं नाही

पालिओ, एस्टीम, मारुती ८०० या साऱ्यांच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. यात खालचा आर्म बॉडीकडून चाकाकडे किंचित उतरता ठेवलेला असतो. गाडी खाली बसली की तो आडवा होतो, जास्त बसली की चाकाकडे चढता होतो. बॉडी ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. आर्मचा कोन बदलला की तो बिंदू झपाट्याने खाली जातो. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर खाली आला, तर रोल सेंटर त्याहून बरंच जास्त उतरतं. दोघांमधलं अंतर वाढतं, आणि कलवणाऱ्या बलाला लांब तरफ मिळते. कापलेल्या स्प्रिंगचा वाढीव कडकपणा यातच खर्ची पडतो, कधी गाडी पूर्वीपेक्षा जास्तही कलते.

भरीस भर म्हणजे आर्म चढता झाल्यावर गाडी दबली की चाकाचा खालचा भाग आत ओढला जातो. टायर बाहेरच्या कडेवर चालायला लागतो. टाय रॉड आणि खालचा आर्म यांचे कोनही जुळेनासे होतात, म्हणून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप खेचलं जातं. अलाइनमेंटवाला यंत्रावर आकडे जुळवून देईल, चालत्या गाडीत ते टिकणार नाहीत.

प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत पुढे डबल विशबोन आहे. तिथे भूमिती वेगळी, पण सवलत नाही. अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते. स्प्रिंगपाशी २ सेंटीमीटर कमी केले की चाकापाशी जवळपास ४ होतात.

गॅसकटरने कापणं तर आणखी वाईट. त्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं आणि तिथून स्प्रिंग बसते किंवा तुटते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लटकलं की आखूड स्प्रिंग सैल होते, आणि चाक परत टेकताना ती जागेवर बसेलच याची खात्री नसते.

स्प्रिंगआधी शॉकअप का?

एक आकडेमोड करून पाहा. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १९ मीटर. रस्त्यावर दर १५ मीटरला लाट असेल तर गाडीला सेकंदाला १.३ झोके बसतात. साध्या प्रवासी गाडीची बॉडी स्प्रिंगांवर नैसर्गिकपणे झुलते तीही सेकंदाला १ ते १.५ वेळा. झोका आणि झुलणं यांची लय जुळली की प्रत्येक लाटेगणिक उसळी वाढत जाते, पाळण्याला नेमक्या वेळी हात लावल्यासारखी. ही उसळी जिरवणं हे शॉकअपचं काम. ‘तरंगणाऱ्या’ जुन्या गाडीचा दोष बहुतेक वेळा स्प्रिंगचा नसून मेलेल्या शॉकअपचा असतो. तिथे वेढा कापणं म्हणजे निर्दोषाला शिक्षा.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

“शॉकअप गाडीचं वजन उचलतो.” वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप तिचं झुलणं आवरतो.

“तेल गळत नाही, म्हणजे शॉकअप ठणठणीत.” आतले व्हॉल्व्ह बाहेरून न गळताही झिजतात.

“बोनेट दाबून पाहिलं, गाडी झुलली नाही.” या चाचणीत पार संपलेला शॉकअपच सापडतो, अर्धा झिजलेला सुटतो.

“एकाच बाजूचा बदलला तरी भागतं.” भागत नाही. डावा-उजवा वेगळे वागले की ब्रेक मारताना गाडी खेचते. बदल जोडीने करा.

“जाड स्टॅबिलायझर बार लावा, कलणं बंद.” कलणं कमी होतं, पण बाहेरच्या पुढच्या टायरवर भार वाढतो. पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ओढ असलेली गाडी त्यामुळे वळणात नाक बाहेर काढते. हा बदल शेवटी आणि थोडाच करावा.

“पॉलियुरेथेनचे बुश लावले की झालं.” ते टिकतात, पण आवाज आणि हादरे आत आणतात. रोजच्या गाडीला चांगल्या प्रतीचे रबरी बुश पुरेसे आहेत.

“स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घेतली की खाली लागत नाही.” इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरसाठी. गावोगावचे कितीतरी गतिरोधक याहून अरुंद आणि उभे आहेत. तिथे ४० मिलिमीटर खाली आणलेली गाडी सरळ घ्या की तिरकी, घासण्याचा धोका राहतोच.

“माझी गाडी, माझी मर्जी.” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतात. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठा बदल करण्याआधी अमरावतीच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

मग खर्च कुठे करायचा?

क्रम सोपा आहे. आधी चांगले टायर आणि बरोबर हवा. मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि स्ट्रटची वरची माउंटिंग. पद्मिनीत किंग पिन आणि तिचं ग्रीसिंगही पाहा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळायला सांगा. चाक लटकलेलं असताना आवळले की रबर पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. ही एक सूचना पाळली तरी पैसे वसूल होतात. त्यानंतर चांगल्या कंपनीचे नवे शॉकअप, जोडीने, नव्या बंप रबरांसकट. शेवटी टो, कॅम्बर आणि कॅस्टर तिन्ही दाखवणारं अलाइनमेंट.

एवढं झालं की गाडी घाटात एकदा सावकाश चालवून पाहा. बहुतेकांना पुढच्या खर्चाची गरज वाटणार नाही. तरीही उंची कमी करायचीच असेल, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप एकत्र घ्या, १५-२० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, आणि नंतर हेडलाइटचा रोख पुन्हा बसवून घ्या. ग्राइंडर हातात घेतलेल्या मेकॅनिकला एकच विचारा: “कापल्यावर चाकाला वर सरकायला किती जागा उरेल?” तो मोजून आकडा सांगू शकला नाही, तर गाडी तशीच घरी न्या.